तानपुरा परत लावताना: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

६ जानेवारी, सोमवार

नवी वही. जे होईल ते त्याच दिवशी इथे लिहायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

काम असं आहे: तानपुरा सुरू झाला की मला मळमळतं. आधी तोंडाला पाणी सुटतं, जिभेखाली खारट लागतं, मग पोटात ढवळायला लागतं. गेलं वर्षभर मी पेटीवरच शिकवते आहे. मुलींना सांगितलं की तानपुऱ्याच्या तारा उतरल्यात. उतरल्यात हे खरं, पण मी लावल्या नाहीत म्हणून. एकतीस वर्षं गाणं शिकवणाऱ्या बाईला षड्ज ऐकून ओकारी यावी, हे कुणाला सांगायचं आणि कसं? घरात ह्यांना माहीत आहे. आता या वहीला.

गुरुपौर्णिमा १० जुलैला आहे. वर्गाची बैठक आमच्याच हॉलमध्ये होते. गेल्या वर्षी मी ती घेतलीच नाही. यंदा घ्यायची, आणि तानपुऱ्यावर घ्यायची. हातात सहा महिने आहेत.

मोजमाप ठरवलं. ० म्हणजे काही नाही. ३ म्हणजे तोंडाला पाणी. ५ म्हणजे पोटात ढवळणं. ७ म्हणजे उठून खिडकीशी जावं लागणं. १० म्हणजे उलटी.

९ जानेवारी, गुरुवार

मागचं एकदा सलग लिहून काढते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. केमोचे आधी चार डोस 'एसी'चे, दर एकवीस दिवसांनी: ४ सप्टेंबर, २५ सप्टेंबर, १६ ऑक्टोबर, ६ नोव्हेंबर. नंतर बारा आठवडे दुसरं औषध. 'ए' म्हणजे डॉक्सोरुबिसिन, रूह अफजासारखं लालभडक. ते ठिबकत सोडत नाहीत, सिस्टर शेजारी बसून सिरिंजने हळूहळू देतात. दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीही लाल होते. 'सी' म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड, ते सलाइनमधून. ही जोडी उलटीच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक औषधांमध्ये मोडते. म्हणून आधीच अ‍ॅप्रेपिटंट, ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन असं सगळं देतात. पहिल्या डोसच्या रात्री मला गाढ झोप लागली आणि गोळीची वेळ टळली. पहाटे अडीचला जाग आली ती उलटीनेच. ती रात्र आणि पुढचे दोन दिवस मी बादलीशेजारी काढले.

झोप लागावी म्हणून ह्यांनी त्याच रात्री माझ्या मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप टाकून दिलं. तोवर मी असलं काही वापरलं नव्हतं, घरात मिरजेचा तानपुरा असताना लागणार कशाला? काळी चारला, म्हणजे माझ्या तेव्हाच्या गायच्या पट्टीला, लावून फोन उशाशी ठेवला. बरं वाटलं. मग चारही डोसांना तेच करायचं ठरलं: डे-केअरच्या खुर्चीत कानाला, आणि रात्री उशाशी.

१६ ऑक्टोबरला, तिसऱ्या डोसच्या दिवशी सकाळी, निघण्याआधी दोन मिनिटं आवाज लावावा म्हणून अ‍ॅप सुरू केलं. औषध अजून सहा तास लांब होतं, आणि माझं तोंड पाण्याने भरलं. त्या दिवसापासून अ‍ॅप बंद. पुढे जानेवारीत एका मुलीने वर्गात तिच्या फोनवर तेच अ‍ॅप लावलं आणि मी मोरीपर्यंतही पोचले नाही. तेव्हापासून खऱ्या तानपुऱ्याची गवसणी काढायचीही हिंमत झालेली नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मुली तिळगूळ घेऊन आल्या. प्रत्येकीच्या हातचा वेगळा लागला. एके काळी सगळ्याच अन्नाला पत्र्याच्या डब्याची चव यायची, त्याची आठवण झाली, म्हणून इथे लिहून ठेवते. चव परत आली आहे.

१९ जानेवारी, रविवार

भाची पुण्याला मानसशास्त्रात एम.ए. करते. तिला फोनवर सगळं सांगितलं. हसली नाही. 'मावशी, याला नाव आहे,' म्हणाली, आणि रात्री वाचायला बरंच पाठवलं.

केमोच्या आधीच, नुसत्या खुणेने येणारी मळमळ डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. दवाखान्याचा वास, सिस्टरचा चेहरा, हॉस्पिटलकडे वळणारा रस्ता, कशानेही येते. पावलोवच्या कुत्र्यांना अन्नाच्या खुणेने लाळ सुटायची, तोच हा प्रकार, फक्त उलट्या दिशेचा. ही मळमळ एकदा बसली की उलटीच्या गोळ्यांना फारशी बधत नाही. म्हणून पहिल्या डोसापासूनच उलटी होऊ न देणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच रात्रीची माझी टळलेली गोळी आठवली आणि बराच वेळ पुढे वाचवेना.

एक मात्र मनाला लागून राहिलं. जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजलं आणि किरणोत्सर्गाने आजारी पाडलं. उंदरांनी गोड पाणी सोडलं. पुढे १९६६ मध्ये त्याने आणि कोलिंगने चवीबरोबर उजेड आणि आवाजही जोडला: उंदीर पाणी प्यायला लागला की दिवा लागायचा आणि खट्‌खट् व्हायचं. आजारी पडलेल्या उंदरांनी चव टाळली, आवाजाशी त्यांचं काही वैर झालं नाही. विजेचा झटका मिळालेल्यांनी आवाज टाळला, चव टाळली नाही. म्हणजे पोटाचं दुखणं शरीर तोंडातून गेलेल्या गोष्टीच्या खात्यावर टाकतं, आणि कातडीचं दुखणं डोळ्याकानांच्या.

मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट तर माझ्यासाठीच लिहिल्यासारखी. एका संध्याकाळी तो बेआर्नेझ नावाचा सॉस घातलेलं मांस जेवला, नंतर वाग्नरचा 'ट्रिस्टान' हा ऑपेरा ऐकला, आणि रात्री पोटाच्या तापाने ओकत राहिला. पुढे त्याला तो सॉस नकोसा झाला. ऑपेरा नकोसा झाला नाही, शेजारी बसलेली बायकोही नाही.

मग माझ्या बाबतीत सूर कसा काय चिकटला? भाचीला विचारलं. ती म्हणाली, चव एका फटक्यात चिकटते, आवाजाला पुष्कळ वेळा जोडावं लागतं. तू किती वेळा जोडलास?

२० जानेवारी, सोमवार

हिशेब केला. अ‍ॅपमधलं तानपुऱ्याचं आवर्तन वीस सेकंदांचं आहे, मग तेच पुन्हा. तासाला १८० वेळा. आठ तासांच्या रात्रीत १,४४० वेळा. अशा मी निदान सहा रात्री काढल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली चाचणी. मी खोलीत, हे बाहेर. काय वाजणार ते मला सांगायचं नाही, मी फक्त आकडा लिहायचा. प्रत्येक आवाज अर्धा मिनिट, मधे दहा मिनिटं विश्रांती, शेजारी लिंबू आणि बादली.

अ‍ॅप काळी चारला: ७. अ‍ॅप पांढरी पाचला: ६. अ‍ॅप काळी एकला, म्हणजे पुरुषांच्या पट्टीत: ४. माझ्याच जुन्या कॅसेटवरून उतरवलेला तानपुरा, ध्वनिमुद्रण १९९८ चं: १. पुन्हा विचारलं, खरंच कॅसेटच होती ना? कॅसेटच होती. पेटीचा षड्ज: ०.

मला रडू आलं. वर्षभर मी ज्याला घाबरून होते तो तानपुरा नव्हताच.

९ फेब्रुवारी, रविवार

गवसणी काढली. भोपळ्यावर धूळ नव्हती, पण खर्जाची तार काळी पडली होती आणि दोन खुंट्या फिरत नव्हत्या. तसाच उचलला आणि मिरजेला नेला. सांगलीहून दहा किलोमीटर. एवढ्याशा अंतराला मी दीड वर्ष लावलं.

सतारमेकर गल्लीतले चाचा माझ्या बाईंच्या, म्हणजे माझ्या गुरूंच्या, वेळेपासूनचे. तब्येतीबद्दल काही विचारलं नाही, मला पाहून त्यांना कळलं असावं. तानपुरा मांडीवर आडवा घेतला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, 'जवारी बसलीया बाई. तारेनं खाचा पाडल्यात. काढून देतो.' जवारी म्हणजे घोडीचा तो उतार, ज्याच्यावर तार टेकून गुंजते. घोडी उतरवून कानशीने इतकं हळू घासत होते की भुकटी दिसत नव्हती, नुसता वास येत होता, जळक्या नखासारखा. चार-सहा हात मारायचे, घोडी परत बसवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. असं सात वेळा. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, आणि एका जागी, फार तर एक केस पुढेमागे, सबंध आवाज उघडला. षड्जातून गंधार स्पष्ट वर आला.

मी श्वास धरून आकड्याची वाट पाहत होते. चाचांच्या समोर, त्या वासात, त्या आवाजात: ०.

'खुला झाला का बघा,' ते म्हणाले. मी मान हलवली. बोलायला गेले असते तर आवाज फुटला असता.

१० फेब्रुवारी, सोमवार

भाचीला कळवलं. ती म्हणाली, 'म्हणजे मेंढ्या!' मग नीट सांगितलं. १९५९ मध्ये लुबो आणि मूर या दोघांनी मेंढ्या आणि शेळ्यांवर एक प्रयोग केला. एखादी खूण जनावराला आधीच पुष्कळ वेळा दाखवली, तिच्यामागून काही वाईट झालं नाही, तर पुढे तीच खूण दुखण्याशी जोडायला फार वेळ लागतो. नवी, अनोळखी खूण पटकन जोडली जाते. ओळखीची खूण जणू आधीच्या साध्यासुध्या दिवसांनी राखलेली असते.

माझा मिरजेचा तानपुरा मी बाराव्या वर्षापासून ऐकते आहे. रियाज, बाईंचा वर्ग, आकाशवाणीची ऑडिशन, मुलांना मांडीवर घेऊन झोपवणं, सगळं त्यावर. चार डोसांचं विष त्या तारांत शिरू शकलं नाही. अ‍ॅप मात्र पहिल्यांदा ऐकलं ते बादलीशेजारी. त्याला माझ्याकडे दुसरी कुठलीच आठवण नव्हती.

हे लिहिताना मला बाईंची आठवण येते आहे. 'रोज तास दीड तास नुसता तानपुरा ऐक, गाऊ नकोस,' असं त्या म्हणायच्या आणि मी कंटाळायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

अ‍ॅपच्या आवाजातलं नेमकं काय? याचा छडा लावावासा वाटला. थोरल्या मुलाने ते वीस सेकंदांचं आवर्तन संगणकावर घेऊन दिलं. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात. प-सा-सा-सा असे चार फेरे. हेडफोन लावून फेरा फेरा वेगळा ऐकला. पहिला: ३. दुसरा: ३. तिसरा: ६. चौथा: ४.

तिसऱ्या फेऱ्यात जोडीच्या दुसऱ्या तारेवर, तार सुटायच्या आधी, एक बारीकसा 'टिक्' आहे. ज्याने मुद्रण केलं त्याचं नख तारेला लागलं असावं. एरवी कुणाच्या कानाला कळणारही नाही. मुलाला सांगून तेवढा तुकडा, डोळ्याची पापणी लवते एवढा, कापून काढला आणि आवर्तन पुन्हा ऐकलं: ३. नुसता तो टिक् तिसऱ्या फेऱ्याच्या जागी बसवून ऐकवला: ५.

खऱ्या तानपुऱ्यात असा टिक् दोनदा सारखा येत नाही. तार बोटागणिक वेगळी सुटते, धाग्यावर वेगळी घासते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुऱ्यावर लिहिलं ते याच घोडीबद्दल: तार जिथे छेडाल तिथून नियमाने जे स्वर निघायला नकोत तेही इथे निघतात, कारण तार घोडीच्या उतारावर सतत टेकत-सुटत असते. तो आवाज हलता असतो. अ‍ॅपमधला जागचा हलत नाही. वीस सेकंदांनी तोच टिक् येणार हे माझं शरीर शिकलं होतं आणि त्याची वाट पाहत होतं. भाची म्हणते, एकाच माणसावरून आणि चार आकड्यांवरून एवढं म्हणू नकोस. बरोबर आहे तिचं. म्हणून एवढंच लिहिते की माझ्या कानाला हे असं झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रश्न: खरा तानपुरा चालतोय, तर अ‍ॅपचं काय? सोडून द्यावं?

दोन दिवस विचार केला. मुली सगळ्या फोनवर हेच अ‍ॅप वापरतात. कुठल्याही बैठकीत, कुणाच्याही घरी ते वाजणार. शिवाय एखादी गोष्ट टाळत राहिलं की ती आपल्याआधी दारात येऊन उभी राहते, हे मी वर्षभर पाहिलं आहे. नाही सोडायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

समुपदेशक मॅडमकडे गेले. माझ्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मॅडमनी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची पद्धत समजावली, १९५८ पासूनची. भीतीच्या पायऱ्या लावायच्या, सगळ्यात सोपी खाली. शरीर पूर्ण सैल सोडायला शिकायचं. सैल असतानाच एक पायरी चढायची, आकडा १ वर किंवा त्याखाली येईपर्यंत तिथेच राहायचं. शरीर एकाच वेळी सैल आणि मळमळलेलं राहू शकत नाही, यावर सगळी भिस्त. १९८२ मध्ये मॉरो आणि मॉरेल यांनी केमोच्या ६० रुग्णांवर हेच करून पाहिलं आणि आधीपासून येणारी मळमळ कमी झाली. मी मॅडमना विचारलं, म्हणजे हे मनाचे खेळ आहेत का? त्या म्हणाल्या, 'मेंदूच्या तळाशी उलटीचं केंद्र आहे. तुमच्या तोंडाला सुटणारं पाणी खरं पाणी आहे.' हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पायऱ्या: १. टिक् कापलेलं आवर्तन, काळी एक, अगदी बारीक आवाजात. २. तेच पांढरी पाचला. ३. तेच काळी चारला. ४. टिक् सकट, काळी एक. ५. टिक् सकट, काळी चार. ६. काळी चार, रात्री, उशाशी.

३ मार्च ते २९ मार्च

रोज वीस मिनिटं. फक्त आकडे लिहिले आहेत, इथे थोडक्यात.

पायरी १: पहिल्या दिवशी २, चौथ्या दिवशी ०.
पायरी २: ३, ३, २, १, ०. पाच दिवस.
पायरी ३: ४ पासून सुरुवात. नऊ दिवस लागले. मधे एक दिवस ५, त्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी करपली होती आणि वास भरला होता. वासाने सगळं वाढतं.
पायरी ४: २, १, ०.

माझा आवाज आता काळी चारला जात नाही. औषधांनंतर अर्धा सूर उतरला, पांढरी पाचला बसतो. याचं फार वाईट वाटायचं. या महिन्यात पहिल्यांदा वाटलं की बरं झालं, नव्या पट्टीला जुनं काही चिकटलेलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढीसमोर खऱ्या तानपुऱ्यावर गायले. दहा मिनिटं. यमन नाही, भूप. आकडा लिहायचं लक्षातच राहिलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

पायरी ५ पूर्ण: १. पोटात काही नाही, नुसता जिभेखाली ओलावा. मी फार खुशीत आहे.

९ एप्रिल, बुधवार

तपासणीचा दिवस. रिक्षा हॉस्पिटलच्या वळणावर आली आणि तोंड भरलं. आत हात धुवायच्या त्या द्रावणाचा वास, तोच. लिफ्टपाशी एका माणसाच्या फोनवर कसलंसं गाणं चाललं होतं, त्यात मागे तानपुरा. ७. पायऱ्यांवर बसून राहिले.

तपासणीत काही निघालं नाही, सगळं ठीक आहे. घरी येऊन पायरी ५ पुन्हा केली: ५. महिनाभराचं काम गेलं असं वाटलं. वही मिटून ठेवली.

१३ एप्रिल, रविवार

भाचीशी तासभर बोलले. पावलोवलाही हेच दिसलं होतं: कुत्र्याची सवय मोडली, दोन दिवस गेले, की लाळ आपसूक परत. मार्क बाउटन या संशोधकाने पुढे दाखवलं की सवय मोडते म्हणजे पुसली जात नाही. जुनं शिकणं तसंच राहतं, त्याच्या शेजारी नवं शिकणं येऊन बसतं. आणि हे नवं शिकणं जिथे झालं त्या जागेला धरून असतं. मी माझ्या खोलीत, माझ्या सतरंजीवर शिकले. हॉस्पिटलला ते ठाऊक नव्हतं.

मग उपाय सरळ आहे. खोलीबाहेर पडायचं.

हे ऐकत होते. म्हणाले, 'गाडी लागते तसंच आहे हे.' त्यांना लहानपणी आंबा घाटात एसटी लागायची, आणि अजूनही डिझेलचा वास आला की खिडकीकडे हात जातो, मोटार स्वतःची असली तरी.

१५ एप्रिल ते ३१ मे

जागा बदलत राहिले. गच्चीवर संध्याकाळी. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना. कृष्णेच्या घाटावर, गणपतीच्या देवळाच्या मागच्या बाजूला, कानाला लावून. कोल्हापूरच्या एसटीत. बहिणीच्या घरी, तिच्या कोकेडामांमध्ये, म्हणजे शेवाळाच्या गोळ्यांत लावलेल्या झाडांमध्ये, बसून. प्रत्येक नव्या जागी आकडा पहिल्या दिवशी २-३ ने वर जायचा आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बसायचा. मेच्या शेवटी नव्या जागेतला पहिला आकडाच १ यायला लागला.

२८ मेला हॉस्पिटलच्या गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या बाकावर बसून पायरी ५ केली. वीस मिनिटं. ५, मग ३, मग २. उसाचा रस आलं न घालता घेतला, आलं मला त्या दिवसांत फार दिलं गेलं होतं. ३० मेला पुन्हा गेले: २, १.

४ जून, बुधवार

वर्गातल्या एका मुलीला मी अखेर खरं सांगितलं. तिने दीड वर्षापूर्वी अ‍ॅप लावलं होतं आणि मी उठून पळाले होते, तेव्हापासून तिला वाटत होतं तिचा सूर इतका वाईट लागला. दीड वर्ष ती हे मनात घेऊन येत राहिली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, 'बाई, सहलीच्या बसमध्ये एकच गाणं सारखं लावलं होतं आणि मला घाटात उलट्या झाल्या. ते कुणाच्या वरातीत लागलं तरी मला आत जावं लागतं.' तिच्या पायऱ्याही आम्ही कागदावर मांडल्या.

२ जुलै, बुधवार

तपासणी. वळणावर १, लिफ्टपाशी २.

रिपोर्टची वाट पाहत डे-केअरच्या बाहेर बसले होते. शेजारी एक ताई, माझ्याहून लहान, पहिला डोस घ्यायला आलेली. कानात हेडफोन. काय ऐकताय विचारलं. हरिपाठ. तिच्या जावेने नवीन रेकॉर्डिंग पाठवलं होतं, 'चारही वेळा हेच ऐक, मन शांत राहील' म्हणून. चार दिवसांवर एकादशी आलेली, तिच्या घरची वारी यंदा चुकली होती.

बोलावं की नाही कळेना. मग मला कॅन्सरच्या मुलांवरचा तो जुना प्रयोग आठवला. ब्रोबर्ग आणि बर्नस्टाइन यांनी १९८७ मध्ये मुलांना जेवण आणि केमोच्या मधे एक उग्र चवीची गोळी चघळायला दिली. नंतर मुलांनी जेवणातले पदार्थ कमी टाळले. नावड त्या गोळीवर जाऊन बसली होती.

मी म्हटलं, 'ताई, हरिपाठ पाठ आहे का?' म्हणाली, लहानपणापासून. 'मग तो तोंडाने म्हणा, मनात म्हणा, त्याला काही होणार नाही. हे नवीन रेकॉर्डिंग मात्र आज नको, आणि रात्री त्रास झाला तर तेव्हाही नको. कानाला काही हवंच असेल तर असं लावा, जे पुढे कधी ऐकलं नाही तरी चालेल.' आणि गोळ्यांच्या वेळांचा गजर लावायला सांगितला. तिच्याच फोनवर, माझ्यासमोर. मळमळ राहिलीच तर सहन करू नका, दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना सांगा, हेही सांगितलं.

तिने हेडफोन काढून पर्समध्ये ठेवले. आत बोलावलं तेव्हा तिचे ओठ हलत होते.

७ जुलै, सोमवार

पायरी ६, जी मी इतके दिवस टाळली होती. फोन उशाशी, काळी चार, टिक् सकट, दिवा बंद. बादली आणली नाही. पहिली दहा मिनिटं ४. पाय सैल सोडले, मग पोट, मग जबडा. वीस सेकंदांनी टिक् यायचा, आणि प्रत्येक टिक्‌ला मी श्वास सोडायचे. कधीतरी मोजणं चुकलं.

सकाळी फोनची बॅटरी संपलेली होती.

१० जुलै, गुरुपौर्णिमा

सतरा मुली आल्या, तीन जुन्या विद्यार्थिनी लेकरं घेऊन. बाईंच्या तसबिरीला हार घातला. मिरजेचा तानपुरा मधोमध. मी पहाटेच लावला होता, तरी पावसाळी हवेने पंचम उतरला, मणी सरकवून परत घेतला.

दुसरा तानपुरा नव्हता. माझ्या मागे बसलेल्या मुलीने, तीच ती, फोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लाव. पांढरी पाच.

दोन्ही एकत्र सुरू झाले. अ‍ॅपचा टिक् मला ऐकू आला, आणि वीस सेकंदांनी पुन्हा. जिभेखाली थोडं ओलं झालं. २. मग समोरच्या खर्जाच्या तारेवर लक्ष ठेवलं.

निषादापासून यमन सुरू केला.